शंकागडाची किल्ली



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असा एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला जॉन बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा. ते क्षणभर गप्प राहिले. पण नाही म्हणाले नाहीत. त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

मी ख्रिस्ती नाही. पंढरीची वारी करणाऱ्यांच्या घरात जन्मलो. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. इंग्रजी वाचायला शिकलो ते रात्रपाळी नसेल त्या रात्री, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा पंडितांनी करावे तसे या ग्रंथाचे विवेचन माझ्याकडून होणार नाही. संकटात माणसाची श्रद्धा कशाच्या आधारावर टिकते, याविषयी या पुस्तकाने मला काय शिकवले, तेवढेच सांगण्याचा माझा विचार आहे.

हे पुस्तक आपल्याला अगदीच परके आहे असे नाही. १८४१ साली हरी केशवजी यांनी ते 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले १८५७ साली, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. मराठी गद्यकथा नुकती कुठे रांगत होती, तेव्हा हा इंग्रज यात्रेकरू आपल्या अंगणात येऊन गेला होता.

त्याला लिहिणारा कोण? विद्यापीठातला पदवीधर नव्हे. बनियन १६२८ साली बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी जन्मला. बापाचा धंदा फुटक्या भांड्यांना डाख देण्याचा, आणि पोरानेही तोच धरला. शाळा जेमतेम. पहिले लग्न झाले तेव्हा घरात धड भांडीकुंडीही नव्हती; बायकोने माहेरून आणली ती दोन धार्मिक पुस्तके. पुढे हा डाखवाला प्रवचने करू लागला. राजमान्य चर्चच्या परवानगीवाचून लोक जमवून उपदेश करणे हा त्या काळी गुन्हा होता. १६६० च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पकडले. "यापुढे उपदेश करणार नाही" एवढे वचन दिले असते तर सुटका होती. त्याने ते दिले नाही आणि बारा वर्षे तुरुंगात काढली.

बाहेर दुसरी बायको एलिझाबेथ आणि पहिलीची चार मुले. त्यांतली थोरली मेरी आंधळी होती. एलिझाबेथ गरोदर होती. नवरा धरला गेल्याच्या धक्क्याने तिचे मूल गेले. तरी ती न्यायाधीशांसमोर उभी राहून भांडली. बनियन तुरुंगात बसून नाड्यांच्या टोकांना धातूची टोपणे बसवी आणि त्या विकून घर चालवी. आमच्या भाषेत बोलायचे तर नगाच्या दराने काम करी. फासावर जायची वेळ आली तर शिडी चढताना आपले पाय लटपटतील आणि लोक हसतील, अशी भीती आपल्याला वाटत होती, हे त्याने स्वतःच्या आत्मकथनात कबूल केले आहे. मला हा माणूस आवडतो तो यामुळे. आपण शूर होतो असे तो कुठेच म्हणत नाही. तो घाबरला होता, आणि तरीही त्याने सही केली नाही.

या माणसाने लिहिलेल्या गोष्टीचा पहिला भाग १६७८ साली प्रसिद्ध झाला. ती एक रूपककथा आहे. रूपक आपल्याला नवे नाही. नाथांची भारुडे ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पात्रांची नावे मी सोयीसाठी मराठीत करून घेतो. ख्रिस्ती नावाचा एक माणूस, अंगावर चिंध्या, हातात पुस्तक, पाठीवर मोठे ओझे. आपले नगर नष्ट होणार हे कळल्यावर तो स्वर्गनगरीकडे निघतो. घरचे लोक त्याला वेडा ठरवतात.

पहिल्याच टप्प्यावर तो निराशेच्या दलदलीत पडतो. बरोबर आलेला शेजारी चिखल लागताच चिडतो आणि घराच्या बाजूने बाहेर पडून परत जातो. आता बनियनची प्रामाणिक दृष्टी पाहा. तो सांगतो की, राजाची माणसे सोळाशे वर्षे ही दलदल बुजवीत आहेत, सदुपदेशाच्या हजारो गाड्या तिने गिळल्या, तरी ती बुजत नाही. मधे पायऱ्या आहेत, पण चिखलाने त्या दिसत नाहीत. उपदेशकानेच उपदेशाविषयी हे लिहावे! नोकरी गेलेल्या माणसाला "धीर धर" म्हणणाऱ्या आम्हा पुढाऱ्यांची भाषणेही त्याच दलदलीत गेली आहेत.

दुसरी गोष्ट. ख्रिस्तीच्या पाठीवरचे ओझे क्रूसापाशी गळून पडते. पण ते पुस्तकाच्या शेवटी नव्हे, बरेच आधी. अडचणीचा डोंगर, अपोल्योन राक्षसाशी झुंज, मृत्युछायेची दरी, हे सर्व त्यानंतर येते. म्हणजे श्रद्धा मिळाली की वाट सोपी होते, असे आश्वासन बनियन देत नाही. ओझे उतरले म्हणजे माणसाला चालता येते, एवढेच तो म्हणतो.

येथे माझे कामगार मित्र एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, "अण्णा, असली पुस्तके गरिबाला मेल्यावरच्या सुखाची लालूच दाखवून आज मुकाट्याने सोसायला लावतात." आक्षेप हलका नाही. धर्माचा असा उपयोग झालेला आहे. परंतु या पुस्तकात व्यर्थतेचा बाजार आहे. तेथे घरे, पदव्या, राज्ये, सगळे विकायला मांडलेले असते. यात्रेकरू काही घेत नाहीत, म्हणून त्यांना पिंजऱ्यात घालतात. ख्रिस्तीचा सोबती विश्वासू याच्यावर खटला चालतो. न्यायाधीशाचे नावच सत्द्वेष्टा. साक्षीदारांत मत्सर आणि चहाडखोर, पंचांत आंधळेराव. विश्वासूला जाळून मारतात. ही कोर्टे बनियनने स्वतः आरोपीच्या जागी उभे राहून पाहिली होती. हे मुकाट्याने सोसणाऱ्याचे लेखन नव्हे. ई. पी. टॉम्पसन या इतिहासकाराने १९६३ साली इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या चळवळीचे पायाभूत ग्रंथ म्हणून त्याने दोन नावे घेतली : एक टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' आणि दुसरे हे.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. विश्वासू गेल्यावर ख्रिस्तीला आशावंत नावाचा नवा सोबती मिळतो. खडकाळ वाटेने पाय सोलतात, म्हणून ख्रिस्ती आडवाट काढतो. आशावंत कचरतो, पण थोरल्याचे ऐकतो. रात्र होते, वादळ येते आणि नैराश्य नावाचा राक्षस दोघांना धरून शंकागडाच्या अंधारकोठडीत टाकतो. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही. राक्षस सोट्याने झोडपतो आणि सांगतो, तुमची सुटका नाही. स्वतःच्या हाताने जीव द्या, ते बरे. ख्रिस्ती डगमगतो. ज्याचे ओझे क्रूसापाशी पडले, जो अपोल्योनशी लढला, तोच म्हणू लागतो की असल्या जगण्यापेक्षा मरण बरे. त्याला थोपवतो तो आशावंत. त्याचे बोलणे साधे आहे : असे करणे योग्य नाही, शिवाय कोण जाणे, राक्षस एखादे दिवशी कुलूप लावायला विसरेल, त्याला पुन्हा झटका येईल. मोठे तत्त्वज्ञान नाही. आजची रात्र काढू, एवढेच. शनिवारी मध्यरात्री दोघे प्रार्थनेला बसतात आणि पहाटेच्या सुमारास ख्रिस्तीला आठवते की, आपल्या छातीशी 'वचन' नावाची किल्ली आहे. तिने कुलपे उघडतात. शेवटचे मोठ्या कष्टाने, पण उघडते.

प्रवचनांत या प्रसंगाचा अर्थ सांगतात : देवाच्या वचनाची किल्ली जवळच असते, ती विसरू नये. बरोबर आहे. मीही बरीच वर्षे एवढाच अर्थ घेत होतो.

एका कारखान्यात टाळेबंदी झाली होती. चौदा महिने आम्ही फाटकासमोर मांडव घालून बसलो. रोज हजेरी घेत असू. वही माझ्याकडे असे. आमच्यातला एक फिटर, देवभोळा, गळ्यात माळ, शब्दाचा पक्का, अकराव्या महिन्यात येईनासा झाला. मी त्याच्या नावापुढे फुली मारली. दुसऱ्या दिवशी फुली, तिसऱ्या दिवशीही फुली. कोणीतरी म्हणाले, "तोही फुटला वाटते." मी काही बोललो नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा पोरगा निरोप घेऊन आला. तो आपल्या हाताने गेला होता.

बंधूंनो, किल्ली त्याच्याही छातीशी होती. त्याची श्रद्धा माझ्यापेक्षा मोठी होती, हे मी येथे उभा राहून सांगतो. पण त्या तीन रात्री त्याच्या कोठडीत आशावंत नव्हता. आम्ही साठ माणसे मांडवात बसलो होतो आणि त्याच्या घरी एकही गेला नव्हता. त्यानंतर मी हे पुस्तक पुन्हा काढले आणि शंकागडाचा प्रसंग वाचला. तेव्हा मला दिसले की, ख्रिस्तीला किल्ली आठवली ती रविवारी पहाटे. बुधवारपासून तोवर त्याला जिवंत ठेवले ते दुसऱ्या माणसाने.

बनियनलाही हे पुढे अधिक कळले असावे. १६८४ साली त्याने दुसरा भाग लिहिला. पहिल्या भागात ख्रिस्ती कानांत बोटे घालून, बायकामुलांना मागे टाकून एकटा धावत सुटतो. दुसऱ्या भागात त्याची बायको मुलांना घेऊन निघते आणि चालता चालता तिची दिंडीच होते. वाटेत दुबळमन्या नावाचा माणूस भेटतो. तो म्हणतो, माझ्यामुळे तुमचा खोळंबा होईल, तुम्ही पुढे व्हा. वाटाड्या महाहृदय सांगतो की, आम्ही तुझ्यासाठी थांबू. एक लंगडा येतो. तो आपली एक कुबडी त्याला देऊ करतो. हीच मंडळी पुढे शंकागड पाडतात. उपाशी मरायला टेकलेला म्हातारा खिन्न आणि त्याची मुलगी भित्री यांना तेथून जिवंत बाहेर काढतात. मग तो लंगडा एका हातात कुबडी धरून त्या मुलीबरोबर नाचतो. बारा वर्षे गजाआड काढलेल्या माणसाने लिहिलेला हा नाच आहे, हे ध्यानात घ्या.

त्या टाळेबंदीनंतर आमच्या युनियनने एक नियम केला. लढ्यात जो एक दिवस गैरहजर राहील, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी दोघांनी जायचे. जाब विचारायला नव्हे, चहा प्यायला. बोलायला काही सुचले नाही तर नुसते बसायचे. कधी दार उघडत नाही, कधी शिव्याही मिळतात. तरी जायचे. एकदा रात्री साडेदहाला एका सहकाऱ्याने दार उघडले आणि आम्हाला पाहून तो उंबऱ्यातच खाली बसला. तो काय करायला निघाला होता, हे आम्ही विचारले नाही. तो आज नातवंडांत आहे.

माझ्यासारख्या, क्रूसापुढे न वाकलेल्या माणसाला या ख्रिस्ती पुस्तकाने एवढे दिले. ज्यांची श्रद्धा त्यातलीच आहे, त्यांना ते याहून अधिक देत असेल. आपण कोणत्याही नगरीच्या वाटेवर असा, वहीत कोणाच्या नावापुढे फुली पडली आहे, ते आज घरी जाताना एकदा आठवून पाहा.