सीताफळाचा हंगाम आणि मुलांचा खाऊ

भाद्रपद उलटून बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर सीताफळांचे डोळे उघडू लागले आणि धारूरकडील टोपल्या बाजारात उतरू लागल्या, की मुलांसाठी विकतच्या खाऊची निराळी तजवीज करण्याचे प्रयोजन उरत नाही, असे एक पालक म्हणून माझे निश्चित मत आहे. 2016 साली भौगोलिक मानांकन लाभलेले बीडचे हे फळ, डोळ्यांमधील भेगांवर पिवळसर झाक आली म्हणजे तोडावे, दोन-तीन दिवस धान्यात दडपावे आणि देठाजवळ मऊ लागताच मुलांच्या हाती द्यावे. बिया मात्र फोडू देऊ नयेत, कारण त्यांची भुकटी नेत्रांस अत्यंत अपायकारक असते.

पेयांविषयी सांगावयाचे तर, 250 मिलिलिटर गोड शीतपेयात सुमारे 25 ग्रॅम साखर असते. घरी जिरेपूड घातलेले ताक असताना त्या बाटलीची शिफारस मी कोणासही करणार नाही.

करमणुकीसाठी पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात सहकुटुंब जावे, तेही आषाढातच, कारण पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा झडू लागतो. शिदोरीस ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुरेशी आहे.