दगड आणि हात



महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळावर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा पुन्हापुन्हा वर आला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या त्याच थरांच्या. लेणी यातच कोरली, गड यावरच उभे राहिले, विहीर खणणाऱ्याने सुरुंग लावला तोही यालाच. जन्मभर दगडाशी झटणाऱ्यांच्या बोलण्यात तो शिरला नसता तरच नवल. आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे: दगड ही जड वस्तू मराठीत रूपक कशी झाली?

पाठ्यपुस्तक सांगते की दोन गोष्टींत समान गुण दिसला की रूपक जन्मते. दगड कठीण, म्हणून निष्ठुर माणूस दगड. हे उत्तर अपुरे आहे. ‘दगडाला पाझर फुटला’ म्हणताना हाच कठीणपणा निर्दय ठरतो, ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणताना तोच भरवशाचा होतो, ‘दगडाखाली हात सापडला’ म्हणताना त्याच्या भाराने माणूस अगतिक होतो, आणि ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणताना दोन मारांची तुलना चाललेली असते. दगड तोच, पण दर वेळी त्याच्याशी असलेला माणसाचा व्यवहार निराळा. अर्थ ठरतो तो त्या व्यवहारात.

रेघेचेच पाहा. शिलाहार आणि यादव काळातील दानलेख शिळेवर कोरलेले आढळतात. वर चंद्र-सूर्य असतात. ते आकाशात असेपर्यंत दान चालावे हा त्यांचा अर्थ. गद्धेगळ नावाच्या शिळांवर तर दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेली असते, आणि अक्षर न येणाऱ्यालाही ती कळावी म्हणून गाढवाचे चित्रही. गावाच्या शिवेवर अशी शिळा रोज पाहणाऱ्याला दिलेला शब्द आणि दगडावरची रेघ यांचे नाते कोणी वेगळे समजावून द्यावे लागले नसेल.

बायकांच्या हातांनी घडवलेला दगड मात्र याहून सूक्ष्म आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई शेजारच्या सुपातून मूठमूठ वैरण घालत दळत असे. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण त्या बैठकीतूनच सुचू शकते. आज ज्याच्यावर संकट आहे आणि उद्या ज्याची पाळी आहे, ते दोघेही तिच्या हाताच्या अंतरावर होते. तांदूळ निवडणाऱ्या बोटांनी ‘खड्यासारखा वगळणे’ दिले. जात्यावरच्या ओव्यांचे मोल हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी ओळखले आणि खेडोपाडी फिरून त्यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. मराठी रूपकांच्या अभ्यासकाने आधी तिकडे जावे. अलंकारशास्त्राची पुस्तके नंतर उघडली तरी चालेल.

माणसाच्या नावात आल्यावर दगडाचा अर्थ पुन्हा बदलतो. मुले जगत नसत अशा घरात पुढच्या बाळाला दगडू किंवा धोंडू म्हणण्याची रीत होती. मरणाला ते क्षुल्लक वाटावे आणि त्याने पुढे निघून जावे, ही त्यामागची आशा. टाकाऊपणा आणि टिकाऊपणा हे दोन्ही अर्थ तिथे एकाच हाकेत येतात. पण दलित वस्तीत असे नाव लाभले की त्याला जातीच्या अवहेलनेची धारही असे. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा दया पवारांनाच आपली कहाणी सांगतो. गावाने हाक मारलेला माणूस आणि लिहिता झालेला माणूस असे समोरासमोर बसतात. आई-बापाच्या मायेचे नाव समाजाच्या तोंडी कसे बदलते, हे त्या एका योजनेतून जितके कळते तितके पानभर विवेचनाने कळणार नाही.

‘मैलाचा दगड’ सडकांबरोबर इंग्रजीतून आला. मैल गेले, किलोमीटर आले, तरी सत्काराच्या भाषणांतून तो हलत नाही. तो उचलून ठेवायला हरकत नाही.

वर्गात मात्र एक रूपक अजून घाव घालते. उत्तर न येणाऱ्या मुलाला ‘दगड आहेस’ म्हणणारा शिक्षक आजही भेटतो. पाथरवट दगडाला असे एका शब्दात निकालात काढत नाही. तो हातोडीने ठोकून आवाज ऐकतो: खणखणीत वाजला तर दगड आतून सलग, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. मग थराची दिशा पाहून छिन्नी कुठे लावायची ते ठरवतो. त्याच्या बोलीत दगडाला जात, अंग आणि आवाज आहे. शिवी देणाऱ्याच्या बोलीत फक्त मुकेपणा.

खाणीत आता क्रशर आहेत, स्वयंपाकघरात मिक्सर आहे, आणि पाट्याला टाकी लावणारीची आरोळी बहुतेक गल्ल्यांतून गेली आहे. घण, सुतकी, पहार, टाकी हे शब्द कोशांत सापडतात. ती हत्यारे हातात धरून वडार आणि पाथरवट काय बोलत, ते फार थोडे नोंदले गेले. भाषेच्या अध्यापकांच्या या अधिवेशनाने आपल्या कामात एक काम वाढवावे. प्रत्येक जिल्ह्यातील अध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या खाणीवर, मूर्तिकाराकडे, जाते सांभाळलेल्या घरी जावे आणि शब्द उतरवून घ्यावेत. नोंदीत अर्थापुढे तो शब्द कोण वापरते, कोणते काम करताना वापरते, हेही लिहावे, आणि ज्यांनी तो सांगितला त्यांना ती नोंद वाचून दाखवून मगच ती कोशात घ्यावी.