सुकाणूवर कोण?



घाटमाथ्यावरच्या या गावात येऊन मी होडीच्या सुकाणूवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काही जणांनी संयोजकांना विचारले म्हणे, की वक्ते वाट चुकले आहेत काय? प्रश्न रास्त आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आपण बसलो आहोत, आणि इथे समुद्राचे जे काही येते ते सुक्या बोंबलाच्या टोपलीतून येते. परंतु मला तर हा विषय सांगायला इगतपुरीइतकी योग्य जागा दुसरी दिसत नाही. या सभागृहात निम्मी घरे रेल्वेची असतील. यंत्रावर किती विसंबावे आणि कुठे विसंबू नये, हे तुमच्या घाटाला दीडशे वर्षे ठाऊक आहे.

कसाऱ्याहून चढणाऱ्या गाडीला मागून जोर देणारे बँकर तुम्ही रोज पाहता. मला मात्र उतरणीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. सदतिसात एक अशा उतारावर मध्येच कॅच सायडिंग लागते. तिथला सांधा एरवी चढावाच्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात आहे असे दिसले, म्हणजे मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ज्याने ही योजना केली त्याने ब्रेक चांगले आहेत असे गृहीत धरले नाही. ब्रेक निकामी झाले असतील असे धरून तो चालला. हा संशयी स्वभाव आज संध्याकाळपुरता लक्षात ठेवा.

आता यंत्राकडे वळतो. त्याचे नाव ऑटोपायलट. भाषाशुद्धीचे अभिमानी 'स्वयंसुकाणू' म्हणतील, आणि शब्द वाईट नाही; पण बंदरात त्याला नुसते 'ऑटो' म्हणतात. इथे ऑटो म्हटले की रिक्षा येऊन उभी राहील, म्हणून मी पूर्ण नाव घेतो. याचे काम एकच: नौकेचे तोंड ठरवून दिलेल्या दिशेला ठेवणे. होकायंत्र दिशा सांगते, डबीएवढा संगणक ठरलेल्या दिशेशी ती ताडून पाहतो, आणि फरक पडला की विजेचा पंप सुकाणूचे पाते डावी-उजवीकडे ढकलतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुसंख्य मासेमारी नौकांवर अजून सुकाणूपाशी माणूसच उभा असतो. पण फेऱ्या लांबल्या आहेत, खलाशी मिळत नाहीत, डिझेल महागले आहे. सरळ चाललेली नौका वाकड्या चालीपेक्षा कमी डिझेल खाते. सहा सहा तास चाक धरून ज्याचे खांदे भरून येतात त्याला या यंत्राचे महत्त्व मी सांगायला नको. मी स्वतः अनेक वर्षे बंदरांतून अशी यंत्रे बसविण्याचा धंदा केला, तेव्हा मी काही त्याचा वैरी नाही.

सुकाण्या सुकाणू कसे धरतो, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. निकोलस मिनोर्स्की नावाचे एक रशियन अभियंते अमेरिकेत गेले. त्यांनी १९२२ मध्ये यावर एक निबंध लिहिला, आणि पुढे 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याचे प्रयोग झाले. मुरलेला सुकाण्या काय करतो हे त्यांनी बारकाईने पाहिले. नौका किती वळली एवढेच तो पाहत नाही. ती किती वेगाने वळते आहे हेही पाहतो, आणि वेग मोठा असेल तर आधीच उलटे सुकाणू देतो. शिवाय एकाच बाजूने वारा रेटत असेल, तर थोडे सुकाणू त्या बाजूला कायमचे धरून ठेवतो. आता चुकले किती, चूक वाढते किती वेगाने, आणि मघापासून साचली किती, हे तीन हिशेब मिनोर्स्कींनी गणितात बसविले. आजच्या कारखान्यांतल्या भट्ट्या आणि बॉयलर याच तीन हिशेबांवर चालतात. म्हणजे विद्या मूळची सुकाण्याची. गणितज्ञाने ती टिपून घेतली.

पण या यंत्राची कीर्ती झाली ती वेगळ्याच मार्गाने. १९१४ च्या जून महिन्यात पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुणाने विमान उडवून दाखविले. उडता उडता त्याने दोन्ही हात वर केले आणि त्याचा मदतनीस पंखावर चालत गेला. विमान आपले सरळ! लोक थक्क झाले. मला नेहमी वाटते, की त्या दिवशी या यंत्राचे थोडे नुकसानच झाले. लोकांच्या मनात राहिले ते वर केलेले हात.

ज्यांचे हात खरोखरच मोकळे व्हायला हवेत असेही लोक आहेत. दिलीप दोंदे हे नौदलातले अधिकारी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांना थांबून मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. एकट्या माणसाला झोपावे लागते, जेवावे लागते, फाटलेले शीड शिवावे लागते. सुकाणू आपोआप धरणारी काही योजना नसेल तर असा प्रवास होणारच नाही. त्याआधी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली ती 'सुहैली'तून, आणि ती तर आपल्या मुंबईत बांधलेली सागवानी नौका. त्यांच्या नौकेवरचे वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र अर्ध्या वाटेवर मोडले. पुढे त्यांनी शिडे अशी काही तोलून लावली, की नौका बरीचशी आपली आपण चालत राहिली. यंत्र गेले तरी विद्या जवळ होती, म्हणून घरी पोहोचले.

आता बसविण्याविषयी. सगळे बारकावे सांगत बसलो तर तुम्ही उठून जाल. दोनतीन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत, कारण अपघाताची मुळे तिथे असतात. पंप नौकेच्या वजनाला आणि सुकाणूच्या जोराला पुरेल असा हवा. जाळे, बर्फ आणि मासळी भरल्यावरचे वजन धरायचे, रिकाम्या होडीचे नव्हे. बॅटरीपासून पंपापर्यंतची तार जाड हवी. बारीक तार शांत पाण्यात चालून जाते. लाटेत पंपाला जोर लागतो, नेमका तेव्हाच तारेत दाब पडतो आणि यंत्र मान टाकते. फ्यूज हवाच. यंत्र बंद करण्याचे बटण, ज्याला 'स्टँडबाय' म्हणतात, ते अंधारात, ओल्या हाताने, न बघता सापडले पाहिजे. आणि सर्वांत मुख्य: यंत्राची वीज तोडली, तर हाताचे सुकाणू त्याच क्षणी मोकळे फिरले पाहिजे. हे बंदरातच दहा वेळा करून पाहावे. पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा हे काम निवांत होते. मालकाला ते आठवते मात्र बंदी उठायच्या आदल्या दिवशी!

होकायंत्राची जागा हे या कामातले मर्म. लोखंड, इंजिन, जाड विजेच्या तारा, लाऊडस्पीकर, यांच्यापासून ते दूर हवे. बसविल्यावर शांत पाण्यात नौका सावकाश गोल फिरवून यंत्राला नौकेतल्या लोखंडाची ओळख करून द्यावी लागते. वायरलेसचे बटण दाबून बोलतानाही सुकाणू हलत नाही ना, हे पाहावे लागते. काही नौकांवर तांडेल बोलू लागला की नौका वळू लागते.

इथे माझी एक चूक सांगतो. एका नौकेवर मी होकायंत्र केबिनमधल्या लाकडी फळीच्या मागे बसविले. जागा उत्तम होती, चाचणी चोख झाली, पैसे मिळाले. एक गोष्ट मात्र राहिली: त्या फळीवर काय ठेवायचे नाही, हे मी कोणालाच सांगितले नाही. पुढे एके रात्री परतीच्या वाटेवर एका पोराने गाणी ऐकायचा आपला मोठा स्पीकर त्या फळीवर नेऊन ठेवला. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. होकायंत्राला वाटले, नौका वीस अंश वळली; यंत्राने इमानाने ती वीस अंश उलटी फिरविली. पडद्यावर आकडा होता तोच राहिला. यंत्राच्या मते सारे ठीक! ताशी आठ सागरी मैल वेगाने, वीस अंशांनी चुकलेली नौका एका तासात ठरल्या रेषेपासून पाच किलोमीटर बाजूला जाते, आणि त्या बाजूला खडक होते. वाचविले ते तांडेलाच्या गालाने. तो केबिनच्या दाराशी बसला होता. बंदरात आल्यावर मला म्हणाला, "मिस्त्री, आकडा बरोबर होता, पण वारा गालावरचा मानेवर आला. मी म्हटलं, वाऱ्याला काय झालं?" त्याने यंत्र बंद केले, चाक हाती घेतले, आणि मग दीपगृह पाहिले तर ते भलत्याच बाजूला. मी ऐकत उभा होतो. नौकेवर सात माणसे होती. त्यानंतर मी प्रत्येक नौकेवर त्या जागी लाल रंगाने चौकोन काढून 'इथे काही ठेवू नये' असे लिहीत असे. पण अक्षरे लिहायला मला ती रात्र लागली.

मोठ्या जहाजांवर, भारी यंत्रे आणि शिकलेले अधिकारी असताना, असे होत नसेल असे वाटते. १० जून १९९५ ला 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जात होते. निघाल्यावर तासाभराच्या आतच उपग्रहावरून स्थान सांगणाऱ्या उपकरणाची तार सुटली. उपकरण आपल्या अंदाजाने आकडे देऊ लागले, आणि ऑटोपायलट त्या अंदाजावर जहाज नेऊ लागले. चौतीस तास हे चालले. एकामागून एक पहाऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांनी पडदा पाहिला, खूण तपासली नाही. जहाज नॅन्टकेट बेटापलीकडच्या वाळूच्या दांड्यावर चढले, तेव्हा ते खऱ्या वाटेपासून सतरा मैल दूर होते. दीड हजार माणसे होती. सुदैवाने कोणी दगावले नाही. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, न्यूझीलंडच्या नौदलाचे 'मानावानुई' हे जहाज सामोआच्या खडकांवर गेले आणि दुसऱ्या दिवशी बुडाले. चौकशीत दिसले, की ऑटोपायलट चालूच राहिले होते. जहाज ऐकेना, तेव्हा यंत्रातच बिघाड झाला अशी सर्वांची समजूत झाली. पंच्याहत्तर माणसे वाचली, जहाज गेले. सुकाणू कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही.

तेव्हा लहान नौकेवर हे यंत्र वापरायचे तर कसे? खाडीच्या तोंडाशी, बंदरात, मोठ्या जहाजांच्या वाटेत, जाळे ओढताना, आणि मागून तिरक्या उंच लाटा येत असताना चाक हातीच घ्यावे. मागची लाट नौकेचा पार्श्वभाग उचलते आणि तिला आडवी पाडू पाहते. जाणता सुकाण्या लाट येताना पाहतो, यंत्राला ती आल्यावर कळते. उपग्रहाच्या खुणेवर यंत्र सोडले असेल तर आणखी एक धोका: खूण इतकी अचूक असते, की त्याच बोयाकडे निघालेल्या दोन नौका अंधारात नेमक्या त्याच बोयापाशी एकमेकींना भेटतात.

आणि पहारा कधीही सोडू नये. सागरी टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सर्व नौकांना डोळ्यांनी व कानांनी सतत पाहणी ठेवायला सांगतात. त्यात यंत्र लावले असेल तर सूट, असे कुठे लिहिलेले नाही. हिशेब करा. तुमची नौका आठ नॉटने आणि समोरचे मालवाहू जहाज पंधरा नॉटने येते आहे. दोघांत पाच सागरी मैल अंतर. तेरा मिनिटांत ती दोघे एका जागी असतात. चहा करून प्यायला तेवढा वेळ लागतो. तुमच्या रेल्वेच्या इंजिनात मिनिटभर ड्रायव्हरने काही हालचाल केली नाही तर दिवा लागतो, घंटा वाजते, आणि तरीही उत्तर आले नाही तर ब्रेक लागतात. नौकेसाठीही अशी पहाऱ्याची घंटा मिळते, आणि पंपाच्या किमतीच्या मानाने ती काहीच नाही. मी ज्यांना यंत्र बसवून दिले त्यांतल्या फार थोड्यांनी ती घेतली.

एकट्याने जाणाऱ्याचा धोका तर सर्वांत क्रूर आहे. हातात सुकाणू असताना माणूस पाण्यात पडला, तर नौका भरकटते, फिरते, कधी त्याच्याजवळही राहते. यंत्र लावलेले असताना पडला, तर नौका सरळ चालू लागते. आठ नॉट म्हणजे सेकंदाला चार मीटर. मिनिटात अडीचशे मीटर. लाटांमध्ये माणसाचे डोके तेवढ्या अंतरावरून दिसतही नाही, आणि पोहून तर ती नौका गाठता येणारच नाही. पडताक्षणी इंजिन बंद करणारे, अंगावर बाळगायचे छोटे साधन आता मिळते. जीवरक्षक जाकीट तर मिळतेच मिळते. पण उकाड्यात ते अंगावर चढत नाही, उशाला जाते.

मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी मला विचारले, की एवढे सारे सांभाळायचे तर यंत्र लावायचेच कशाला? त्यांना मी म्हणालो, आजोबा, घाटात कॅच सायडिंग आहे म्हणून गाडी कोणी बंद केली नाही. ते हसले आणि म्हणाले, "सायडिंगपाशी माणूस होता ना पण."

मी सोबत एक जुने नौकेवरचे होकायंत्र आणले आहे. या सभागृहाचा लाऊडस्पीकर संयोजकांनी परवानगी दिली तर पाच मिनिटांसाठी खाली उतरवू. ज्यांना काटा कसा फसतो हे डोळ्यांनी पाहायचे असेल, त्यांनी व्यासपीठापाशी यावे. मुलांना पुढे येऊ द्या.