कॅमेरा भिजला, चित्रण भिजले नाही



2019 सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला असेल. आमचे गाव कृष्णाकाठचे. पाणी ओसरल्यावर आम्ही शाळेचे कुलूप काढले, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणात चिखल साचला होता आणि त्या चिखलात शाळेचा व्हिडिओ कॅमेरा रुतला होता. कॅमेरा गेला याचे वाईट वाटलेच. पण जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. त्याच वर्षी संक्रांतीच्या सुमारास गावातल्या एका आजींनी मुलांसमोर जाते मांडून ओव्या म्हटल्या होत्या. ते चित्रण त्या कॅमेऱ्यात होते. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि आजी उन्हाळ्यात वारल्या होत्या.

सातवीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, चालू करून बघू का?"

मी म्हटले, "थांब रे बाबा. बटणाला हात लावू नकोस."

हे शहाणपण मला आदल्या दिवशीच आले होते, आणि तेही फुकट नव्हे. माझा मोबाइल पुरात भिजला होता. तो मी घाईघाईने पुसला आणि चालू केला. एकदा उजेड पडला, आणि विझला तो कायमचा. त्यात माझ्या नातवाचे बारसे होते. ते गेले.

आता हे असे का होते, ते समजून घेऊ. निव्वळ पाण्याने यंत्राचे लगेच फारसे बिघडत नाही. पण पुराच्या पाण्यात क्षार असतात, माती असते. अशा पाण्यातून वीज वाहते. आत बॅटरी असली की वीज नको त्या वाटेने धावते, आणि तांब्याच्या बारीक रेषा जळतात किंवा गंजतात. म्हणून पहिला नियम असा, की भिजलेले यंत्र चालू करून पाहायचे नाही. बॅटरी काढता येत असेल तर ती आधी काढायची. चार्जरला तर मुळीच लावायचे नाही.

दुसरी गोष्ट. चित्रण राहते कुठे? अलीकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ते नखाएवढ्या मेमरी कार्डात असते. त्या कार्डात फिरणारे असे काहीच नाही. सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार साठवलेला असतो, आणि पाण्याने तो पुसला जात नाही. कॅमेरा ही कोठी, कार्ड हे धान्य. कोठी मोडली तरी धान्य काढून घेता येते. मोबाइलचे मात्र तसे नाही. कार्ड घातलेले नसेल, तर त्याचे धान्य कोठीच्या भिंतीतच चिणलेले असते आणि त्याला कुलूपही असते. फोनचे यंत्र जगले तरच ते बाहेर येते. म्हणून फोनच्या बाबतीत घाई जास्त महागात पडते.

आम्ही काय केले ते सांगतो. बॅटरी काढली. कार्ड काढले. त्यावरचा चिखल नखाने खरवडला नाही, कारण त्याच्या पितळी दिसणाऱ्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. आधी स्वच्छ पाण्यात, मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते खळबळून घेतले. मऊ सुती कापडाने टिपले आणि सावलीत, वारा लागेल असे दोन दिवस ठेवले. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. पुष्कळजण तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगतात. मोकळ्या वाऱ्यापेक्षा तांदूळ काही जास्त ओल शोषत नाही. उलट त्याची पिठी फटीत जाऊन बसते. तांदूळ आपला भातालाच बरा!

तिसऱ्या दिवशी कार्ड दुसऱ्या संगणकाला लावले, त्या भिजल्या कॅमेऱ्यात परत घातले नाही. पडद्यावर प्रश्न आला, कार्ड फॉर्मॅट करायचे का? शिक्षक बंधुभगिनींनो, इथे 'नाही' म्हणायचे. फॉर्मॅट करणे म्हणजे पाटी पुसायला निघणे. अशा वेळी फोटोरेक नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम कामी येतो. तो कार्डावर नुसते वाचतो आणि सापडेल ते उचलतो. मात्र सापडलेले चित्रण त्याच कार्डावर साठवायचे नाही, दुसरीकडे साठवायचे.

आणखी एक अडचण येते. चित्रण चालू असतानाच कॅमेरा पाण्यात पडला, तर फाइल दिसते पण उघडत नाही. याचे कारण असे, की पुष्कळ कॅमेरे चित्रणाची अनुक्रमणिका शेवटी, चित्रण थांबवताना लिहितात. पाने सगळी आहेत, अनुक्रमणिका तेवढी नाही. अशी फाइल टाकून देऊ नका. त्याच कॅमेऱ्याने घेतलेली दुसरी चांगली फाइल जाणकाराला द्या. तिच्या नमुन्यावरून मोडकी फाइल पुष्कळदा दुरुस्त होते.

कित्येकांच्या घरी लग्नाच्या जुन्या टेपा आहेत. टेप भिजली तर ओली असताना यंत्रात घालू नका. ती चिकटते आणि तुटते. चिखल वाळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने धुवा, उभी ठेवून गार वाऱ्यावर वाळवा आणि जाणकाराकडे न्या.

आशा किती धरावी, असे कोणी विचारील. तर एक जुनी हकीकत ऐका. 1897 साली स्वीडनचा आंद्रे हा साहसी पुरुष दोघा सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. 1930 साली एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष आणि फिल्म सापडल्या. तेहतीस वर्षे बर्फात आणि ओलीत पडलेल्या! स्टॉकहोममध्ये योन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने त्या धीराने धुतल्या, आणि सुमारे 240 चित्रांपैकी 93 चित्रे वाचवली. सगळी नाही वाचली. पण त्या तिघांचे अखेरचे दिवस जगाला दिसले.

आमच्या कार्डातून पहिल्यांदा जात्याची घरघर ऐकू आली, मग आजींचा आवाज. आजींचे चिरंजीव शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, परत एकदा लावा."

त्या दिवशी आम्ही तीन प्रती केल्या. एक शाळेत, एक त्यांच्या घरी, आणि एक पुराचे पाणी पोहोचत नाही अशा माळावरच्या गावी, त्यांच्या बहिणीकडे. हे काम आम्ही संक्रांतीलाच करायला हवे होते. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. मग माणसाचा आवाज तरी एकाच ठिकाणी का ठेवावा?

तेव्हा मंडळी, तुमच्या शाळेत, तुमच्या घरी असे एकुलते एक चित्रण असेल, तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका. त्याची दुसरी प्रत आजच करा. आणि यंत्र भिजलेच, तर बटणावरचा हात तेवढा मागे घ्या.