झडपेची गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी 'आयटीतलं काहीतरी सांग' म्हटलं होतं. ते तुमची मुलं तुम्हाला रोज ऐकवत असतील. मी हृदयाच्या झडपांबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या चारांपैकी एक बदललेली आहे.

झडपेचं काम एकच: रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही. दिवसाला सुमारे १ लाख वेळा उघडझाप. ती बिघडते दोन तऱ्हांनी, अरुंद होते नाहीतर गळते. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह ज्यांनी बदललाय, त्यांना जास्त सांगायला नको.

माझी मायट्रल झडप अरुंद झाली. मूळ होतं चौथीत. घसा दुखून ताप आला, गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, ते उतरले तर घोटे. हा रूमॅटिक फीवर. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं, ती आपल्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटतात. सांधे बरे होतात, झडपेवरचा व्रण राहतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये हा जास्त. पुन्हा होऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. पीटीला मी कडेला का बसायचे, ते आता कळलं असेल! दहावीनंतर गाव बदललं. तिथल्या डॉक्टरांनी 'आता बरी आहे' म्हणून इंजेक्शन बंद केलं.

पुढे गरोदरपणात दम लागू लागला. त्या काळात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि अरुंद झडपेला ते झेपत नाही. आडवं झालं की घुसमट, तीन उशा लागायच्या. सगळे म्हणाले, वजन वाढलंय. बायकांचा दम नेहमी वजनाच्या नाहीतर ॲसिडिटीच्या खात्यावर टाकतात. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप नीट लावला, आवाज ऐकला आणि इको करायला पाठवलं. बाळंतपणानंतर जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद केली. त्यावर दहा वर्षं निघाली. मग ती बदलावीच लागली.

आता आहे ती तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेल्या बनावटीची. धातूची चौकट आणि आत कलणारी प्लास्टिकची चकती. आधीचे नमुने चाचण्यांत नापास झाले. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. टेस्टिंगवाल्यांना शिव्या देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. अधूनमधून आयएनआर तपासायचा, पालेभाजी रोज साधारण तेवढीच खायची, दात काढायच्या आधी डॉक्टरांना विचारून अँटिबायोटिक. रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते. आमच्या ह्यांना आता त्याशिवाय झोप लागत नाही.

एक गुरुजनांसाठी. उतारवयात महाधमनीची झडप चुना साठून कडक होते. चढताना छातीत दुखणं, दम लागणं, भोवळ येणं ही तिची लक्षणं. वय झालं म्हणून सोडू नका. काहींना ती छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतूनही बसवता येते.

आणि घरात कुणा मुलाचा घसा सुजून ताप आला असेल, वर सांधे दुखत असतील, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. जिलेबी संपेपर्यंत मी तिथेच आहे.