मागे राहणाऱ्याचा वाटा

कचेरीत एखादी फाईल एका टेबलावर अडली, तर आम्ही स्मरणपत्र धाडतो. परंतु काम करणारा स्वयंसेवक असेल, त्याला ना वेतन ना वरिष्ठ, तर काय करावे?

येथे बंगळूरच्या हेसरघट्टा भागात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एक केंद्र आहे. गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणाऱ्या ‘लायगो’ या जागतिक प्रयत्नात तेथील संशोधक सहभागी आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा नोंदी तपासावयास गणित अफाट लागते. म्हणून २००५ मध्ये ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ हा उपक्रम निघाला. कोणाही गृहस्थाच्या संगणकाने फावल्या वेळी कामाचा एक तुकडा घ्यावा, गणित करावे आणि उत्तर परत पाठवावे, अशी ही योजना आहे.

आता घरोघरचे संगणक सारखे कसे असणार? एक जुना, दुसरा दिवसाकाठी दोनच तास चालणारा, तिसऱ्याच्या घरची वीज गेलेली. चौथा तर काही न कळविता निघूनच गेलेला! हा सावकाश चालला आहे की सोडून गेला, हे मुख्य केंद्राला कळत नाही. आणि एका तुकड्यावाचून पुढचा हिशेब अडतो.

यावरचा उपाय मोठा समंजस आहे. प्रत्येक तुकड्याबरोबर मुदत दिलेली असते. मुदत टळली की तोच तुकडा दुसऱ्याकडे जातो. पहिल्याला कोणी जाब विचारीत नाही. त्याचे उत्तर उशिरा आले, तरी तपासणी आटोपलेली नसल्यास ते स्वीकारले जाते आणि श्रेयही मिळते. शिवाय ज्याची जशी गती, तसे काम. मुदतीत होणार नाही असे दिसले, तर ते त्याच्याकडे पाठवीतच नाहीत.

मुदत फार आखूड ठेवली, तर मंद यंत्राची वीज आणि धन्याचा उत्साह दोन्ही वाया जातात. फार लांब ठेवली, तर इतरांचे श्रम ताटकळतात. खरी कसोटी या दोहोंमध्ये आहे.

पडताळ्यासाठी एकच तुकडा दोन ठिकाणी देण्याचीही रीत आहे. २०१० मध्ये या उपक्रमातून पहिला नवा स्पंदक तारा सापडला, तेव्हा श्रेय अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका घराला मिळाले, तसेच जर्मनीतील दुसऱ्या एका स्वयंसेवकालाही.

गावच्या श्रमदानात म्हातारा माणूस लहान टोपली उचलतो. त्याच्यासाठी रस्ता थांबत नाही, आणि त्याला कोणी घरी जा असेही म्हणत नाही. जेथे हुकूम चालत नाही, तेथे काम असेच वाटून द्यावे लागते. आणि जेथे हुकूम चालतो, तेथेही ते असे वाटून पाहण्यास हरकत नसावी.