शेऱ्याच्या रकान्यापलीकडे



सहामाहीचे पेपर तपासून झाले, प्रगतिपत्रकं घरोघरी पोहोचली. शेऱ्याच्या रकान्यात ‘लक्ष देत नाही’, ‘सराव हवा’, ‘अक्षर सुधारावे’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. त्यावरून मूल कुठे अडलंय ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय सराव तरी कशाचा घ्यायचा? म्हणून आज मी फक्त अडलेली जागा कशी शोधायची आणि तिथून मुलाला पुढे कसं न्यायचं, याबद्दल बोलणार आहे.

दंगा करणारं मूल बाईंच्या लगेच लक्षात येतं. अडलेलं मूल मात्र बहुतेक वेळा गप्प असतं आणि लपण्यात हुशार असतं. वही नीटनेटकी, फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलेलं, वर्ग एका सुरात वाचायला लागला की याचेही ओठ हलतात. तिसरीतली कितीतरी मुलं धडा घडाघडा म्हणतात, पण त्यांचं बोट एका ओळीवर असतं आणि तोंडातली ओळ भलतीच असते. धडा पाठ झालेला असतो. अशा वेळी चित्रावर हात ठेवा आणि मधल्याच ओळीपासून वाचायला सांगा, किंवा कधी न पाहिलेला चार ओळींचा उतारा द्या. ‘असर’ या नावाची पाहणी 2005 पासून होते आहे. तिची वाचनाची चाचणी अशीच साधी आहे: काही अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतल्या मुलालाही तोच कागद. पाच-दहा मिनिटांत मूल कुठल्या पायरीवर आहे ते समजतं. इयत्ता आणि ही पायरी एकच असते, असं धरून चालू नका.

दुसरी खूण वहीतच सापडते. फळ्यावरून उतरवलेलं पान आणि श्रुतलेखनाचं पान शेजारी ठेवा. उतरवताना चुका होतात, पण ऐकून लिहिलेलं बरोबर आहे? मग आधी डोळे तपासून घ्या. इतरांना फळा स्पष्ट दिसतो हे त्या मुलाला ठाऊकच नसतं, त्यामुळे ते तक्रारही करत नाही. याउलट उतरवलेलं अचूक आणि श्रुतलेखन पार बिघडलेलं असेल, तर दोन शक्यता असतात. एक तर कान. सर्दीने वारंवार कान फुटणाऱ्या मुलांना मागच्या बाकावर अर्धंच ऐकू येतं. नाहीतर आवाज आणि अक्षर यांची सांगड बसलेली नसते. हे मूल अक्षराचं चित्र काढतं, अक्षर लिहीत नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत ते गोंधळतं, वेलांट्या गाळतं, जोडाक्षराशी थबकतं. डोळे-कानांसाठी पैशांची अडचण असेल तर हेही सांगते: 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढंच.

मग हजेरीपट पाहा. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातलं मूल दिवाळीच्या सुमाराला आईवडिलांबरोबर कारखान्याच्या परिसरात जातं आणि उन्हाळा लागता लागता परततं. भागाकार शिकवला गेला तेव्हा ते उसाच्या फडात होतं. त्याच्या बुद्धीत काही उणं नाही, त्याला तेवढा भाग पुन्हा शिकवायला हवा. घरची भाषाही विचारा. नंदुरबारच्या पाड्यावरून किंवा मेळघाटातून आलेलं मूल घरी भिली, पावरी, कोरकू बोलतं. पहिलीत ते गप्प राहतं, कारण ते आधी भाषा गोळा करत असतं. त्याच्या घरचे शब्द येणारं कुणी वर्गात असेल, तर त्या मुलाला शेजारी बसवा.

एवढं सगळं पाहूनही काही मुलं उरतात. तोंडी विचारलं तर उत्तर चोख, लेखी मात्र पान कोरं. 2007 साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि अशा मुलांकडे पाहायची लोकांची नजर बदलली, हे चांगलंच झालं. पण तेव्हापासून प्रत्येक कच्च्या वाचणाऱ्याला ‘डिस्लेक्सिया’ चिकटवायची घाईही वाढली. निदान तज्ज्ञांनीच करायचं असतं, आणि मुलाला नीट शिकायची संधी मिळाल्यावर, साधारण तिसरीच्या आसपास. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी केंद्र आहे. तालुक्याच्या ठिकाणी गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांकडे चौकशी करा. मदतीसाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहू नका. मदत आजपासून सुरू करता येते.

शिक्षकांना ठाऊक आहे की चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशेजारी बसता येत नाही. पण परिपाठानंतरची पंधरा मिनिटं इयत्ता विसरून पायरीप्रमाणे गट करता येतात. अडलेल्या मुलाला सगळ्यांसमोर अचानक वाचायला उभं करू नका. उद्या वाचायचा परिच्छेद त्याला आजच देऊन ठेवा. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावला की हात दुखतो, अक्षराशी मैत्री होत नाही. वही लाल शाईने भरण्यापेक्षा या आठवड्यात फक्त वेलांट्या पाहा, काना-मात्रा पुढच्या आठवड्यात. आणि चौथीच्या मुलाच्या हाती पहिलीचं पुस्तक देऊ नका, त्याला लाज वाटते. सोप्या ओळींच्या छोट्या गोष्टींची पुस्तकं शाळेच्या कपाटात असतात. ती कुलपाबाहेर काढा.

पालकहो, शिकवणी लावण्याआधी जरा थांबा. शाळेत जे ज्या वेगाने डोक्यावरून गेलं, तेच त्याच वेगाने संध्याकाळी पुन्हा ऐकून काय साधणार? ‘ढ’ हा शब्द घरातून हद्दपार करा, ताईशी तुलनाही नको. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालेल. रोज दहा मिनिटं मुलाला वाचू द्या आणि ऐका. मग ‘आता पुढे काय होईल?’ एवढं विचारा.

येत्या रविवारी मुलाजवळ बसा, न शिकलेलं एक पान वाचायला द्या, ते कुठे थांबतं ते कागदावर टिपून घ्या. सोमवारी तो कागद घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. गुण किती पडले हे त्या दिवशी विचारू नका.